अंदाजे पाच वर्षं

मास्तरांना वेळ विचारून बघा. घड्याळात दहा वाजून आठ मिनिटं झाली असतील, तर सांगतील, "सव्वादहा." दुकानापासून बसथांबा किती लांब? तीनशे पावलं, मी स्वतः मोजलीत. मास्तर सांगतील, "चारशे धरा." दोन पाहुणे यायचे असले तर चहाचे चार कप काढून ठेवतील. गिऱ्हाइकाची पँट मंगळवारी होणार असली तर गुरुवार सांगतील, आणि सोमवारीच इस्त्री करून टांगून ठेवतील.

खोटं बोलत नाहीत हो. शिंपी आहेत. उभा जन्म शिवणीच्या आत माया सोडण्यात गेला. उद्या माणूस सुटला तर उसवून सैल करता यावं म्हणून आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड ठेवतात ना, ती माया. दुसरे शिंपी एक इंच सोडतात, आमचे मास्तर दीड. "कमी पडलेलं कापड जोडता येत नाही," ते म्हणायचे, "जास्तीचं आत दुमडता येतं." एवढंच काय ते त्यांचं तत्त्वज्ञान. बाकी पुस्तकबिस्तक कधी हातात घेतलेलं मी पाहिलं नाही.

नवऱ्याला मास्तर म्हणते म्हणून हसू नका. बाविसाव्या वर्षी मी त्यांच्या दुकानात काज-बटणं शिकायला गेले, तेव्हापासून ते तोंडात बसलंय. लग्न नोंदवायला गेलो तेव्हा कारकुनानं यांचं वय विचारलं. सत्तावीस पुरे होते. हे म्हणाले, "तीस धरा." माझे वडील साक्षीदार म्हणून मागे उभे, त्यांचा चेहराच उतरला. पोरीनं आम्हाला फसवलं की या माणसानं पोरीला, हेच त्यांना कळेना. कारकून मात्र पोट धरून हसला. म्हणाला, "बायका वय चोरतात ऐकलं होतं, हा नवरा मुलगा वाढवून सांगतोय!" मग जन्माचा दाखला आणायला घरी माणूस धाडला, तेव्हा कुठे लग्न लागलं. पंचवीस वर्षं ही गोष्ट सांगून आम्ही लोकांना हसवलं. आता सांगत नाही.

दुकान म्हणजे दीड खोली. पुढच्या खोलीत कटिंगचं टेबल, त्याच्या कडा इतकी वर्षं कोपर घासून गुळगुळीत झालेल्या. दोन मशिनी, एक त्यांची, एक माझी. मागच्या अर्ध्या खोलीत इस्त्री, कापडाचे तागे आणि मापाच्या वह्या. वह्या मास्तर फेकत नाहीत. मेलेल्या माणसाचंही माप आमच्याकडे असतं.

मोठं काम एकच, बंबवाल्यांचं. आग विझवणारी ती माणसं, त्यांचे जाड कोट. दर चार वर्षांनी चाळीस कोट नवे होतात आणि चाळीसच्या चाळीस आमच्याकडे. ते कापड कापायचं म्हणजे पत्रा कापायचा. कात्रीही तसलीच, हातभर लांब, वजनानं अडकित्त्याची आजी. दुसऱ्या कोणाला ती एका हातानं उघडायचीसुद्धा नाही.

विमा आम्ही घेतला चोरखिशामुळे. चोरखिसा म्हणजे आमच्याकडचं जुनं गिऱ्हाईक, विम्याचा एजंट. प्रत्येक पँटला आतून एक चोरखिसा लावून घेतो, म्हणून हे नाव. त्यात काय ठेवतो देवाला ठाऊक. वर्षानुवर्षं मागे लागला होता, "वहिनी, माणसाचा काय भरवसा." शेवटी एका मार्च महिन्यात मास्तरांनी कंटाळून सही केली. मास्तरांची सही बघण्यासारखी होती. नाव सरळ, आणि खाली एक लांब रेघ, शेवटी बारीक वळण घेतलेली, सुईत दोरा ओवल्यासारखी. तपासणीला माणूस आला, त्यानं रक्त घेतलं, छाती तपासली, हातपाय वाकवून बघितले. ठणठणीत, म्हणाला.

त्याच वर्षी चौदा जूनला बंबवाले मापं द्यायला आले. तारीख मला पाठ आहे, का ते पुढे कळेल. एकेक जण पुढे यायचा, मास्तर टेप लावायचे आणि स्वतःच वहीत लिहायचे. सतराव्या माणसाची छाती मोजली, अडतीस, आणि मास्तरांच्या हातातून पेन्सिल पडली. उचलली, पुन्हा पडली. बोटं मिटत नव्हती. बंबवाले चेष्टा करायला लागले, "मास्तर, सकाळी सकाळीच?" मास्तरही हसले. मला म्हणाले, "तू लिही." त्या वहीत सोळा माणसं मास्तरांच्या अक्षरात आहेत, सतराव्यापासून माझ्या.

कामाचा ताण असेल म्हणून वर्षभर मलमं चोळली. मग बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळायला तास लागायचा, मी गरम पाण्याचं भांडं पुढ्यात ठेवायची. रक्त तपासलं. संधिवात निघाला, पण म्हातारपणाचा नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून कुरतडत बसतं, असला. बरा होत नाही, धरून ठेवता येतो. दोन वर्षं गोळ्यांनी धरून ठेवला. मग गोळ्यांनी ऐकेना.

सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचा पंजा दोन्ही हातांत घेऊन सगळं नीट समजावलं. एक औषध आहे, सलाइनमधून द्यायचं, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा, आणि पुन्हा सहा महिन्यांनी. ते लागू पडलं तर बोटं आहेत तिथे थांबतील. "थांबवायचं आत्ताच," त्या म्हणाल्या. "एकदा सांधा वाकडा झाला की कुठल्याच औषधानं सरळ होत नाही." औषध आमच्या ऐपतीच्या बाहेरचं होतं. पण मी निर्धास्त होते. विमा होता ना! साडेतीन वर्षं हप्ता चुकवला नव्हता. त्या दिवशी मी मनातल्या मनात चोरखिशाचे आभारसुद्धा मानले.

सप्टेंबरात भरती झालो. खाली खिडकीपाशी मी कागद भरत बसले आणि मास्तरांना वर नेलं. तासाभरानं वर गेले तर मास्तर पलंगावर बसलेले, मनगटाच्या वर सुई टोचून पट्टी लावलेली, सलाइनची बाटली टांगलेली. औषध तेवढं खालून यायचं होतं. आम्ही वाट बघितली. शेजारच्या पलंगावरच्या बाई एक झोप काढून उठल्या. दुपारी विम्याच्या टेबलावरचा माणूस आला, हातात एक कागद. नामंजूर.

"का?"

"आजार पॉलिसीच्या आधीचा आहे. तुम्ही लपवलात."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मुळात तापट. भाजीवाल्याशी भांडल्याशिवाय माझी पिशवी भरत नाही. तो बिचारा गप्प ऐकत होता. मग त्यानं फाइल उघडून माझ्यासमोर धरली. वॉर्डातल्या छोट्या डॉक्टरांनी सकाळी पेशंटला विचारून लिहिलेला कागद. सांधेदुखी. कधीपासून? 'अंदाजे पाच वर्षं.'

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर सलाइनच्या बाटलीकडे बघत होते.

"पाच कोणी सांगितलं?"

"त्यांनी विचारलं, किती वर्षं झाली. मी म्हटलं, पाच धरा."

"तीन झालीत, मास्तर! तीन आणि वर तीन महिने!"

"मला वाटलं, ते काय माप घेतायत का. कमी सांगितलं आणि औषध कमी दिलं म्हणजे?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. साडेतीन वर्षांचा विमा आणि पाच वर्षांचा आजार! हिशेब पोरालाही कळेल. भांडू कोणाशी? आपलेच दात, आपलेच ओठ. परिचारिका आली, तिनं सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितला. मास्तरांच्या बोटांना तो कापूस दाबता येईना. मी दाबून धरला. तेव्हा मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आत काहीतरी बधिर झालं, दाताच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर गाल होतो तसं, आणि ते बधिरपण अजून उतरलेलं नाही.

आठ दिवसांनी पत्र आलं. दावा फेटाळला होताच, वर आजार लपवला म्हणून विमाही रद्द. चोरखिसा धावत आला. बिचाऱ्याला खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाला, "वहिनी, जगात एकच कंपनी आहे का? दुसरी बघू."

बघितल्या. तीन महिने तेच केलं. सकाळी दुकान उघडायचं, बटणं लावायची, आणि फोन कानाला लावून बसायचं. फोनवर आधी गाणं, मग एक गोड आवाज. नाव, वय, काम, वजन. काही आजार? मी सांगायची. मग आवाजाचा गोडवा जरा पातळ व्हायचा. "थांबा हं." पुन्हा गाणं. एकीनं फॉर्म पाठवला, त्यात एक रकाना होता, 'यापूर्वी कोणत्या कंपनीनं आपल्याला नाकारलं आहे काय?' मी चोरखिशाला म्हटलं, हे काय लिहू? तो म्हणाला, खरं लिहा. खरं लिहिलं. त्यांनीही नाकारलं. पुढच्या फॉर्ममध्ये दोन कंपन्यांची नावं लिहायला लागली. त्याच्या पुढच्यात तीन, जागा पुरली नाही म्हणून मी मागच्या बाजूला लिहिलं.

एका कंपनीचा माणूस घरी तपासायला आला. त्यानं मास्तरांना मूठ वळायला सांगितली. मास्तरांनी जेवढी वळली तेवढी वळली. बोटं आता करंगळीकडे झुकायला लागली होती, जोरात वारा सुटल्यावर गवत झुकतं तशी, सगळी एका बाजूला. तो माणूस म्हणाला, "काका, अजून." मास्तर म्हणाले, "एवढीच." त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि चहा न घेता गेला.

डिसेंबरात चोरखिसा हसत हसत आला. एक कंपनी तयार झाली! मी मशीन थांबवली.

"फक्त एक आहे, वहिनी. सांधे वगळून."

"म्हणजे?"

"म्हणजे सांध्यांचं काही झालं तर मिळणार नाही. बाकी सगळं आहे. हृदय आहे, किडनी आहे, डोळे आहेत…"

"किडनीनं कापड कापतात का?" मी विचारलं.

चोरखिशानं मान खाली घातली. मास्तर म्हणाले, "त्याच्यावर कशाला ओरडतेस." खरंच, त्याच्यावर कशाला. पण ओरडले तेही सवयीनं. राग आला होता असं काही मला आठवत नाही. त्या दिवसांत मी ओरडायची, चहा करायची, काज करायची, सगळं एकाच आवाजात चाललेलं. मशीन कशी, पाय मारला की चालते.

मास्तर जाड कापड कापायचे बंद झाले होते. शर्टाचं सुती कापड कापायचे, तेही कात्री दोन हातांनी धरून. मी म्हणायची, "मी कापते." ते म्हणायचे, "तू काजं कर." डॉक्टरीणबाईंचा शब्द माझ्या डोक्यात घण घालत असायचा. थांबवायचं आत्ताच. आणि 'आत्ता' तर रोज एकेक दिवस सरत होतं.

जानेवारीत चोरखिशानंच मार्ग काढला. नवा विमा मिळत नाही ना, मग जुनाच परत उभा करायचा. अर्ज द्यायचा, की पेशंटनं चुकून पाच सांगितले, आजार विम्यानंतरचा आहे. कंपनीच्या कार्यालयात गेलो. खिडकीवर एक चाळिशीच्या बाई होत्या, गळ्यात चष्मा लोंबता. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मी चौदा जूनची वही उघडून दाखवली, हे सोळा जण यांच्या अक्षरात, हे पुढचे माझ्या. त्यांनी पानं उलटून बघितलीसुद्धा. "छान आहे हो अक्षर," म्हणाल्या. पण वही हा वैद्यकीय पुरावा होत नाही. एक छापील फॉर्म दिला. त्यावर पेशंटनं स्वतः लिहून द्यायचं आणि खाली सही करायची, विमा घेताना केली होती तशीच.

मास्तरांनी कटिंगच्या टेबलावर सहीचा सराव केला. चार दिवस. कापडाच्या तुकड्यावर खडूनं केली की यायची, कारण खडू मुठीत धरून अख्खा हात खांद्यापासून ओढता येतो. पण पेन म्हटलं की अंगठा नि बोट जवळच येईनात. मुठीत पेन धरून केली तर नाव खाली घसरायचं आणि ती रेघ, ती सुईदोऱ्याची रेघ, मधेच कागद फाडायची. शेवटी त्यातल्या त्यात बरी आली तो कागद घेऊन गेलो.

बाईंनी कॉम्प्युटरवर जुनी सही काढली, पडदा आमच्याकडे वळवला. चार वर्षं झाली असतील मी ती सही बघून. सरळ नाव, खाली रेघ, शेवटी ते बारीक वळण. मास्तर पुढे वाकून बघत राहिले.

"सही जुळत नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, म्हणून तर आलोय!" मी म्हटलं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? ही पडद्यावरची सही विमा घेताना केलेली. आधीपासून आजार असता तर अशी आली असती का? आणि ही आजची. दोन्ही तुमच्यासमोर आहेत. ह्यापेक्षा अजून काय पुरावा देऊ, हात कापून देऊ?"

बाईंनी चष्मा लावला. एकदा पडदा बघितला, एकदा कागद, एकदा मास्तरांचा हात. "तुमचं म्हणणं मला कळतंय," त्या म्हणाल्या. "खरंच कळतंय. पण मला इथे जुळते किंवा जुळत नाही, एवढंच लिहायची सोय आहे."

मग त्यांनीच हळू आवाजात सांगितलं. अंगठा चालतो. फक्त पूर्वी सही करणारा माणूस आता अंगठा का देतोय, त्याचं हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं. हात कशानं गेला आणि कधीपासून. तेवढं प्रमाणपत्र आणा, मी स्वतः पुढे पाठवते.

बाई चांगल्या होत्या. सगळेच चांगले होते, हीच तर पंचाईत. एखादा नालायक भेटला असता तर त्याला शिव्या घालून माझं मन तरी मोकळं झालं असतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर हॉस्पिटलात गेलो. आदल्या दिवशी मी वही पुढ्यात घेऊन बोटांवर मोजलं. विमा घेऊन तीन वर्षं अकरा महिने. आजार सुरू होऊन तीन वर्षं आठ महिने. मास्तरांकडून घोकून घेतलं, शाळेत पाढे घोकतात तसं. बसमध्ये पुन्हा विचारलं. "तीन वर्षं आठ महिने," मास्तर म्हणाले. जिना चढताना पुन्हा विचारलं. "तीन वर्षं आठ महिने. अगं, कळलं मला." आयुष्यात पहिल्यांदा या माणसाच्या तोंडून बरोबर आकडा निघत होता. मला जरा धीर आला.

डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. प्रमाणपत्र द्यायला तेच बसले होते, वॉर्डातले छोटे डॉक्टर. पाच लिहिणारे. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. त्यांच्यापुढे दिवसाला शंभर हात येत असतील. मास्तरांचा पंजा तपासला, बोटं हळूच वाकवली, दुखतं का विचारलं, पडद्यावर टाइप करायला लागले.

"कधीपासून आहे?"

मी तोंड उघडलं, तसे ते म्हणाले, "पेशंटला सांगू दे."

मास्तर ताठ बसले. "तीन वर्षं आठ महिने," म्हणाले. "चौदा जूनला सुरू झालं. त्या आधी काहीही नव्हतं."

"वा! इतकं नेमकं कोणी सांगत नाही." डॉक्टरांनी दोन बोटांनी टकटक केलं. मग थांबले. "यात महिन्यांना जागा नाही. पूर्ण वर्षं घेतंय फक्त. चार टाकतो."

"चार नको!" मी उठून उभीच राहिले. "चार टाकलंत तर आजार विम्याच्या आधी जातो. एक महिन्यानं जातो, डॉक्टर!"

"ताई, विम्याचं मला काही माहीत नाही. मी आजार लिहितोय. साडेतीनच्या वर गेलं की पुढचा आकडा, असंच लिहितात सगळीकडे."

मी बोलायच्या आत मास्तर बोलले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, झुकलेली बोटं डॉक्टरांच्या समोर.

"डॉक्टर, तीन टाका."

"पण काका, तीनच्या वर झालेत ना? तुम्हीच सांगताय."

"झालेत. वरचे आठ महिने आत दुमडा."

डॉक्टरांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? ज्या माणसानं जन्मात कोणाला कमी माप दिलं नाही, तो कमी मागत होता. आणि मागायचं कसं तेही त्याला येत नव्हतं.

"मी तीन टाकलं आणि उद्या कोणी विचारलं, तर खोटं प्रमाणपत्र दिलं म्हणून माझ्यावर येईल," डॉक्टर म्हणाले. अगदी नरम आवाजात म्हणाले. "चारच्या आधी 'अंदाजे' लिहितो. मग प्रश्न येत नाही."

बाजूचं यंत्र घरघरलं आणि कागद बाहेर आला.

तो घेऊन खिडकीवर गेलो, कारण दुसरं काय करणार. बाईंनी शाईची डबी पुढे केली. मास्तरांचा अंगठा सरळ टेकेना, मी तो धरून कागदावर दाबला. बाईंनी प्रमाणपत्र वाचलं. 'अंदाजे चार'पाशी त्यांची नजर थांबली. चष्मा काढून गळ्यात सोडला. कागद ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "घरी पत्र येईल."

आलं. पहिल्या पत्रात आणि दुसऱ्यात एवढाच फरक, की पहिल्यात पाच होते, दुसऱ्यात चार. दोन्ही आधीचेच. मास्तरांनी वाचलं, घडी घातली आणि मापाच्या वहीत ठेवलं. मला वाटलं आता तरी मी मोठ्यानं ओरडेन. मी त्या दिवशी अकरा शर्टांना बटणं लावली.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोळी वाढवून दिली. मे संपता संपता त्यांनी पंजा हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि 'आत्ताच' हा शब्द काही वापरला नाही. तेव्हाच मला कळलं. जाड कात्री मी खिळ्यावर टांगून ठेवली आहे. मास्तर येता-जाता तिला तेल लावतात, फडक्यानं, तळहातानं चोळून. बोटं लागत नाहीत त्याला.

आणि जूनमध्ये बंबवाल्यांचे साहेब आले. चार वर्षं झाली होती. मला तारीख बघायची गरज नव्हती.

"मास्तर!" साहेब दारातूनच म्हणाले. "चाळीस कोट. दुसरीकडे कुठे जाणार आम्ही? मागच्या वेळचे कोट अजून उसवून सैल करतोय, आमची पोटं वाढली पण तुमचं कापड संपत नाही!" आणि मोठ्यानं हसले. "बोला, कधी देता?"

मास्तरांनी हात टेबलाखाली घेतले. मी माझ्या मशिनीवर होते, पाय थांबवला. इतकी वर्षं या प्रश्नाला त्यांचं उत्तर तोंडातच असायचं. दोन दिवस जास्तीचे धरून.

मास्तर खिळ्यावरच्या कात्रीकडे बघत राहिले.

"अहो, नक्की तारीख नको," साहेब म्हणाले. "अंदाजे सांगा."

"अंदाजे मी आता काही सांगत नाही, साहेब," मास्तर म्हणाले.

साहेब पुन्हा हसले. त्यांना वाटलं, मास्तर चेष्टा करताहेत.